हाउगिल फेल्सवर एक दिवस: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर, लीड्स, प्रेस्टन भागात राहायला आलेली मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला जाऊन येतात. स्केफेल पाइक किंवा हेल्व्हेलिनवर गर्दीत चढतात, आणि मग विचारतात, "इथे राजमाचीसारखं शांत काही नाही का?" आहे, आणि तेही वाटेवरच. एम ६ महामार्गानं उत्तरेकडे जाताना केंडल मागे पडलं की उजव्या हाताला गोलसर, झाडं नसलेले, हिरवे-पिवळे डोंगर दिसतात. तेच हाउगिल फेल्स. गेली काही वर्षं मी तिथे वर्षातून चार-पाचदा तरी जाते, नव्या लोकांना घेऊन जाते, आणि जवळजवळ तेच प्रश्न दरवेळी येतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढलं.

फेल म्हणजे काय? टेकडी की डोंगर?

उत्तर इंग्लंडमध्ये उंचावरच्या मोकळ्या, चराऊ डोंगराला फेल म्हणतात. शब्द मूळचा नॉर्स, व्हायकिंग लोकांनी आणलेला. इथली निम्मी नावं त्यांचीच. बेक म्हणजे ओढा, गिल म्हणजे घळ, रिग म्हणजे धार. नकाशावर ही तीन नावं ओळखता आली तरी जागेचा अर्धा अंदाज येतो.

हाउगिलचं सर्वोच्च शिखर द काफ, उंची ६७६ मीटर. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) निम्म्याहूनही कमी. पण हा आकडा वाचून लगेच मत बनवू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

या डोंगरांना इथले लोक झोपलेल्या हत्तींची उपमा देतात. मला ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा फार आपली वाटली, कारण डोंगरातून उतरत आलेल्या धारेला आपण सोंडच म्हणतो. पायथ्याच्या सेडबर गावातून वर पाहिलं की खरोखर हत्ती एकमेकांना टेकून बसलेत आणि सोंडा खाली दरीत सोडल्यात असं दिसतं. आपला सह्याद्री बेसॉल्टच्या थरांचा, म्हणून त्याला कडे, पायऱ्या आणि सपाट माथे आहेत. हाउगिलचा दगड त्याहून कितीतरी जुना, सिल्युरियन काळातला, समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा आणि वाळूचा. तो सगळीकडे साधारण सारखाच झिजतो, त्यामुळे डोंगर असे गोल गरगरीत झाले. पूर्वेला एक मोठा भूभ्रंश (खडकांच्या थरांतली भेग) ओलांडला की लगेच यॉर्कशर डेल्सचा पांढरा चुनखडक सुरू होतो, आणि तिथले डोंगर पाहताक्षणी वेगळे दिसतात.

लेक डिस्ट्रिक्ट इतकं जवळ असताना हाउगिल का?

शांततेसाठी. इथे तळी नाहीत, बोटी नाहीत, माथ्याजवळ कॅफे नाही. वर गेलात की बहुतेक ठिकाणी दगडी भिंतीसुद्धा नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर चार तासांत दोन माणसं भेटतील. वारा, चंडोलासारख्या पक्ष्यांचा आवाज, आणि लांबून मेंढ्या.

आणखी एक कारण आहे. या डोंगराचा उत्तरेकडचा भाग कित्येक वर्षं कुठल्याच राष्ट्रीय उद्यानात नव्हता. १९५४ मध्ये यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा दक्षिणेचा भाग आत घेतला, आणि तेव्हाची काउंटीची हद्द डोंगरमाथ्यावरून जात असल्यानं उत्तरेचा बाहेर राहिला. एकाच डोंगराला मधोमध कापल्यासारखं. १ ऑगस्ट २०१६ पासून हद्द वाढवून उत्तर भागही आत आला. तरीही गर्दी वाढल्याचं मला जाणवलेलं नाही, आणि त्याचा मला आनंद आहे.

जमेल का मला? मी पुण्यात असताना सिंहगड चढायचे/चढायचो.

मग नक्की जमेल. सेडबर गाव समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटरवर आहे, म्हणजे माथ्यापर्यंतची निव्वळ उंची साडेपाचशे मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढण्याच्या जवळपास. मध्ये थोडे चढउतार आहेत, ते धरून एकूण चढाई सातशे मीटरच्या आसपास. कुठेही कातळटप्पा नाही, हात लावून चढायची वेळ येत नाही.

फरक अंतरात आहे. जाऊन-येऊन सुमारे १५ किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग उघड्या धारेवर. सिंहगडावर दमलात तर वर पिठलं-भाकरी आणि दही मिळतं, खाली उतरायला गाडी मिळते. इथे जितकं चालत गेलात तितकंच चालत परत यायचं. त्यामुळे "चढता येईल का" यापेक्षा "सहा तास वाऱ्यात चालता येईल का" असं स्वतःला विचारा.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, किंवा सप्टेंबर. आपल्याकडे ट्रेकिंगचा हंगाम पावसाळ्यापासून थंडीपर्यंत असतो, इथे पाऊस कोणत्याही महिन्यात असतो, त्यामुळे "पावसाळा संपला की जाऊ" हा हिशोब चालत नाही. त्यातल्या त्यात वसंत ऋतू आणि उन्हाळ्याची सुरुवात कोरडी असते.

खरा प्रश्न उजेडाचा आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत दिसतं. डिसेंबरमध्ये चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि अख्खा दिवस साडेसात तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा तर आदल्या आठवड्यात सहाला मावळणारा सूर्य अचानक पाचच्या आत मावळतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचं ठरवणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवा.

बर्फ पडलेला असताना पहिल्यांदा जाऊ नका. हे उतार गवताचे आणि तीव्र आहेत. त्यावर बर्फ गोठला की घसरलेला माणूस थांबत नाही, कारण धरायला झुडूप नाही की दगड नाही.

परवानगी, तिकीट, वनखात्याची पावती?

काही नाही. २००० सालच्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधल्या डोंगराळ, चराऊ, मोकळ्या जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. मालकी कुणाचीही असो, तुम्ही वाट सोडूनही चालू शकता. नकाशावर ही जमीन फिकट पिवळसर रंगात दाखवलेली असते. मात्र गाव आणि मोकळा डोंगर यांमधली कुरणं या हक्कात येत नाहीत, तिथे नकाशावर दाखवलेल्या हिरव्या तुटक रेषेच्या पायवाटेवरूनच जायचं. फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

तंबू ठोकायला जमीनमालकाची परवानगी लागते. चालण्याच्या हक्कात मुक्काम येत नाही.

पोचायचं कसं?

गाडीनं सोपं आहे: एम ६ चा ३७ क्रमांकाचा फाटा, तिथून ए ६८४ रस्त्यानं आठ किलोमीटरवर सेडबर. नावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून लोक "सेडबर्ग" म्हणतात, स्थानिक उच्चार सेडबर. गावात जॉस लेन आणि लॉफ्टस हिल असे दोन सशुल्क वाहनतळ आहेत. गल्लीत, शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, ट्रॅक्टर अडतो आणि गावकऱ्यांचा दिवस खोळंबतो.

गाडी नसेल तर लंडन आणि मँचेस्टरहून थेट गाड्या असलेलं ऑक्सनहोम स्टेशन साधारण पंधरा किलोमीटरवर. पुढे बसच्या फेऱ्या मोजक्याच, काही वारी तर नसतातच. आधी परतीच्या बसची वेळ बघा आणि मग चढाई ठरवा. उलट क्रमानं ठरवलं तर माथ्यावर घड्याळाकडे बघत उभं राहावं लागतं. शक्य असेल तर सेडबरमध्येच एक रात्र राहा.

वाट नेमकी कशी आहे?

गावातून हाउगिल लेननं पश्चिमेकडे निघायचं, थोड्या वेळात उजवीकडे लॉकबँक फार्मकडे वळायचं. शेताच्या अंगणातून वर गेलं की शेवटचं फाटक येतं. ते ओलांडलं की मोकळा डोंगर. इथपर्यंत भिंती, मेंढ्यांचे वाडे, गावातला आवाज. फाटकाच्या पलीकडे दोन मिनिटांत सगळं बदलतं.

पहिला चढ विंडर नावाच्या टेकाडाचा, ४७३ मीटर. पूर्ण दिवसातला सगळ्यांत दमवणारा तुकडा हाच, कारण शरीर तापलेलं नसतं आणि चढ सरळ अंगावर येतो. सावकाश चढा. वर सर्वेक्षणाचा सिमेंटचा खांब आहे आणि आजूबाजूचे डोंगर कुठल्या दिशेला ते दाखवणारी चकती आहे. खाली सेडबरची छपरं, त्यापलीकडे रॉदी आणि लून नद्यांची खोरी. इथे थांबून पाणी प्या आणि माथ्याकडे बघा. पुढच्या धारा ढगात असतील तर निर्णय इथेच घ्यायचा.

पुढे वाट रुंद आणि मळलेली आहे. ॲरंट हॉ (६०५ मीटर) या डोंगराच्या कुशीतून ती आडवी जाते, मग रोवनट्री ग्रेन्स नावाच्या अरुंद खिंडीत उतरते. मला ही खिंड पूर्ण वाटेत सर्वांत जास्त आवडते. दोन्ही बाजूंना उतार सरळ खाली ओढ्यापर्यंत गेलेले, मध्ये फक्त वाट. वारा असेल तर तो इथे जाणवतो, मुलांचा हात धरा. खिंडीतून काल्डर्स (६७४ मीटर) पर्यंत खडा चढ, बाजूला तारेचं कुंपण. हाउगिलवर कुंपण इतकं दुर्मीळ आहे की धुक्यात ते ओळखीच्या माणसासारखं वाटतं. काल्डर्सवरून पुढे ब्रॅम रिग टॉप, आणि मग जवळजवळ सपाट चालीनं द काफ. माथ्यावर एक खांब आणि जवळच लहानसं डबकं, बस्स. सुळका नाही, कडा नाही, फोटोत काहीच येत नाही. पण पश्चिमेला लेक डिस्ट्रिक्टची सगळी रांग आणि पूर्वेला पेनाइन्सची डोंगररांग असा मोकळा घेर दिसतो, आणि आपण मधोमध.

परतीला आलो त्याच वाटेनं या. पहिल्या वेळी तरी.

दुसऱ्या खेपेला कॉटली स्पाउटच्या बाजूनं उतरा. हा धबधबा टप्प्याटप्प्यानं सुमारे १९८ मीटर खाली येतो आणि जमिनीवरचा इंग्लंडमधला सर्वांत उंच प्रपात म्हणून ओळखला जातो. त्याच्या कडेनं दगड बसवून केलेली, पायऱ्यांसारखी वाट आहे, ओली असेल तर निसरडी. शेजारी कॉटली क्रॅगचा काळा कडा. गोल डोंगरांच्या या घोळक्यात हा एकच कोपरा सह्याद्रीच्या स्वभावाचा आहे. पण खाली उतरल्यावर सेडबरपर्यंत रॉदी नदीच्या काठानं आणखी सात-आठ किलोमीटर चालायचे आहेत हे धरून निघा.

किती वेळ लागेल हे कसं काढायचं?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशोब दिला, तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर १० मीटर चढाईला एक मिनिट जास्त. आपल्या वाटेला लावून बघा: १५ किलोमीटरचे तीन तास, ७०० मीटरची सत्तर मिनिटं, झाले चार तास दहा मिनिटं. यात डबा खाणं नाही, फोटो नाहीत, बुटाची नाडी बांधणं नाही. नव्या माणसांसाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी घालते. म्हणजे सहा-सव्वासहा तास. ऑक्टोबरात सकाळी दहाला निघायचं म्हटलं तर अंधार किती जवळ आहे ते तुमच्या लक्षात येईल.

फोनमध्ये नकाशा आहे की! कागदाचा कशाला?

कारण सह्याद्रीत जी सोय आपण गृहीत धरतो ती इथे नाही. आपल्याकडे वाट चुकली की एखाद्या झापाजवळ जायचं आणि विचारायचं, "मामा, गडाची वाट कुठून?" मामा हातातलं काम टाकून सोंडेपर्यंत सोडायला येतात. मी तसंच वाढले, नकाशा वाचायची गरज कधी पडलीच नव्हती. हाउगिलवर विचारायला कुणी नसतं. मामांचं काम घरी, आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर करून निघावं लागतं. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल १९ क्रमांकाचा नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा बोटानं पाहत जा. रेषा दाटल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाटी. आपण कुठून चढणार, कुठल्या खिंडीत उतरणार, डावीकडची दरी कुठे जाते, उजवीकडची कुठे जाते, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. फोनवरही नकाशा उतरवून ठेवाच, पण दरीत नेटवर्क जातं, थंडीत बॅटरी भरभर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. सोबत होकायंत्र. सुईची लाल बाजू उत्तर दाखवते एवढं माहीत असणं पुरेसं नाही. नकाशावर ठेवून दिशा कशी घ्यायची ते घराजवळच्या बागेत दोनदा करून बघा.

धुकं आलं तर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, मीच यादीत घातला आहे.

हाउगिलचे डोंगर सगळे एकसारखे आहेत. लेक डिस्ट्रिक्टमध्ये एखादा कडा, एखादं तळं ओळखीची खूण असतं. इथे धुक्यात एक हत्ती आणि दुसरा हत्ती यांत काही फरक कळत नाही. त्यात मेंढ्यांनी पाडलेल्या ढोरवाटा सगळीकडे. छान, अरुंद, पायाखाली पक्क्या. माणसाच्या वाटेपेक्षा चांगल्या दिसतात आणि भलतीकडे नेतात. गावाकडे याला चकवा लागणं म्हणतात, आणि हाउगिलवर तो अगदी खरा आहे.

माझ्या तिसऱ्या खेपेला मला तो लागला. ऑक्टोबरचे दिवस होते. द काफवर पोचले तेव्हा निरभ्र होतं, डबा उघडला आणि पंधरा मिनिटांत ढग आला. खांब दिसेनासा झाला. मी उठले, समोर स्पष्ट मळलेली वाट दिसली, तिनं चालू लागले. अर्धा तास उतरले, बाजूला ओढा लागला, बरं वाटलं. मग लक्षात आलं की ओढ्याचं पाणी माझ्या बरोबर वाहतंय. मला परत जायचं होतं त्या वाटेवर, त्या उंचीवर ओढाच नाही. होकायंत्र काढलं. मी उत्तरेकडे चालले होते, बाउडरडेल नावाच्या लांबलचक, निर्मनुष्य दरीत. ती दरी कित्येक किलोमीटर उत्तरेला जाते आणि सेडबरपासून डोंगराच्या पूर्ण पलीकडच्या बाजूला बाहेर पडते. गाडी दक्षिणेला, मी उत्तरेला, मध्ये सगळे हाउगिल. परत चढले. अक्षरशः रडकुंडीला येऊन चढले. सेडबरमध्ये पोचले तेव्हा दिवे लागून तास झाला होता, आणि विजेरी पिशवीत होती म्हणून पोचले.

ती वाट चुकीची नव्हती, घोड्यांना आणि माणसांना दोघांना चालणारी चांगली जुनी वाट आहे ती. चूक इतकीच की माथा सोडण्याआधी मी दिशा बघितली नाही. म्हणून आता माझा नियम: माथ्यावर टेकायच्या आधी, निरभ्र असतानाच, परतीची दिशा होकायंत्रावर लावून ठेवायची. द काफवरून काल्डर्स जवळपास दक्षिणेला आहे, थोडं पूर्वेकडे झुकून, एक किलोमीटरच्या आसपास. सुई तसं सांगत नसेल तर वाट कितीही सुंदर दिसो, तिनं जायचं नाही. आणि भरकटल्याची शंका आली की थांबायचं. "जरा पुढे जाऊन बघू" हे वाक्य उच्चारायचंच नाही.

हवामान कुठे बघायचं?

शहराचा अंदाज उपयोगाचा नाही. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस यॉर्कशर डेल्स आणि उत्तर पेनाइन्ससाठी रोजचा अंदाज देते. त्यात तीन गोष्टी बघा: ढगांचा तळ किती मीटरवर, माथ्यावर वारा किती, आणि वाऱ्यासह जाणवणारं तापमान किती. ढगांचा तळ ५०० मीटर असेल तर विंडर मोकळा आणि द काफ ढगात, हे घरबसल्या कळतं. वारा ताशी ४० मैलांवर असेल तर मी जातच नाही. खिंडीत आणि धारेवर तो आणखी वाढतो.

गावात १४ अंश असेल तर माथ्यावर साधारण १०, आणि वाऱ्यात त्याहून बरंच कमी वाटेल.

कपडे आणि बूट?

जीन्स नको, सुती टी-शर्ट नको. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवतं. आपल्याला पावसात भिजण्याची भीती नसते, उलट हौस असते, कारण सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो. इथल्या पावसात वाऱ्यासह अर्धा तास भिजलात तर शरीराचं तापमान उतरायला लागतं. जूनमध्येसुद्धा. सोबतचा माणूस कुडकुडतोय, अडखळत बोलतोय, उगाच चिडचिड करतोय, बटण लावता येत नाहीये, ही लक्षणं ओळखा. लगेच वाऱ्याआड बसवा, कोरडं घाला, गोड आणि गरम द्या, आणि खाली उतरा.

आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, पिशवीत पाणी न झिरपणारं जाकीट आणि विजार. टोपी-हातमोजे बारा महिने. घोटा धरणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, कारण ओलं गवत कातळापेक्षा जास्त घसरतं. विजेरी, शिट्टी, प्रथमोपचार. बाकी मोठा खर्च करायची गरज नाही, पहिल्या खेपेला जाकीट कुणाकडून तरी मागून घ्या.

खायला काय न्यावं? पाणी मिळतं का?

दशम्या थंडीतही मऊ राहतात, थालीपीठही चालतं. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा, पिशवीत नाही, म्हणजे चालता चालता खाल्ले जातात. थर्मासमध्ये आल्याचा चहा. माणशी दीड-दोन लिटर पाणी गावातूनच भरा. धारेवर पाणी नाही, आणि ओढ्यांच्या वर मेंढ्या असतात, त्यामुळे उकळल्या-गाळल्याशिवाय ते पिऊ नका. संत्र्याची साल, केळ्याचं साल सगळं परत आणायचं. इथल्या थंडीत ते लवकर कुजत नाही.

मेंढ्या, घोडे, गोचिडी: काही धोका?

मेंढ्या भितात. मोकळे फिरणारे फेल जातीचे घोडे दिसतील, लांबून बघा, खायला देऊ नका. खालच्या कुरणात गाय-वासरं असतील तर लांबून वळसा घाला, आणि दोघांच्या मधून कधीच जाऊ नका. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या जमिनीवर त्याला दोन मीटरपेक्षा आखूड दोरीवर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि जनावरांजवळ वर्षभर. कोकरांचे दिवस असतात. घाबरून पळालेली गाभण मेंढी पिल्लू गमावू शकते.

या मेंढ्यांची एक गोष्ट मला फार भावते. कुंपण नसलेल्या डोंगरावर प्रत्येक कळप आपापल्याच भागात चरतो. ती हद्द मेंढी आपल्या आईमागे फिरून शिकते आणि पुढे आपल्या पिल्लाला शिकवते. २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत उत्तर इंग्लंडमधले असे कळप मारावे लागले तेव्हा मेंढ्या तर गेल्याच, पिढ्यांची ही ओळखही गेली. धनगरांच्या घरातल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इथले मेंढपाळ पूर्वी मेंढ्या मोजताना यान, टान, टेथर, मेथर, पिंप असं म्हणत, दरीगणिक थोडा फरक. त्यातलं पाचासाठीचं पिंप जुन्या वेल्श कुळातलं, आणि दूरच्या नात्यानं आपल्या पंच-पाचचं भावंड.

गोचिडी खालच्या उतारांवरच्या नेच्यांत असतात. विजार मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेजवळ तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारं लाल चकंदळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा. लाइम आजारावर वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना नेऊ का?

न्या, जरूर न्या, पण द काफवर नको. चालायची सवय असेल तर विंडरपर्यंत जाऊन परत या, अडीच-तीन तास धरा. गुडघे दुखत असतील तर ए ६८३ रस्त्यावर कॉटलीजवळ गाडी लावून, रॉदीवरचा पूल ओलांडून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जा. दीड-पावणेदोन किलोमीटर, बहुतांशी सपाट. माझ्या आईला मी तिथेच नेलं होतं. ती एका दगडावर बसली, धबधब्याकडे बघत राहिली, आणि तासाभरानं म्हणाली, "इथे कुणीच कसं ओरडत नाही गं?"

सात-आठ वर्षांपुढची मुलं विंडर आनंदानं चढतात.

मंडळातर्फे वीस-पंचवीस जण जाऊ का?

नका जाऊ. पाच-सहाचे गट करून वेगवेगळ्या दिवशी जा. गाड्या मावत नाहीत, सर्वांत हळू चालणाऱ्याची आबाळ होते, आणि ज्या शांततेसाठी जायचं ती आपणच मोडतो. स्पीकर तर नकोच.

एकटीनं जाऊ का?

मी जाते. पण कुठून निघणार, कुठल्या वाटेनं, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची, हे एका माणसाला लिहून देऊनच. परतल्यावर त्या माणसाला कळवायलाही विसरू नका. पहिल्या खेपेला मात्र कुणीतरी सोबत असू द्या.

पाय मुरगळला, पडलो, हरवलो, तर?

९९९ ला फोन करा. आधी "पोलीस" मागा, मग "माउंटन रेस्क्यू". थेट रुग्णवाहिका मागितली तर ती रस्त्यापर्यंतच येऊ शकते. जागा सांगायला ग्रिड संदर्भ लागतो, दोन अक्षरं आणि सहा आकडे, त्यानं शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत जागा कळते. द काफचा संदर्भ एसडी ६६७ ९७०. ओएस लोकेट हे मोफत ॲप नेटवर्क नसतानाही तुमचा संदर्भ दाखवतं. बोलण्याइतकं नेटवर्क नसेल तर संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: घरूनच ९९९ वर इंग्रजीत "रजिस्टर" एवढा शब्द पाठवा आणि आलेल्या सूचना पाळा. आजच करा.

फोन अजिबात चालत नसेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. विजेरीनंही तसंच. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी थांबू नका, शोधणाऱ्यांना दिशा लागते.

माउंटन रेस्क्यूची माणसं स्वयंसेवक असतात. नोकरी-धंदा सोडून, रात्री-अपरात्री, पैसे न घेता येतात. खर्चाच्या भीतीनं फोन टाळू नका. परत आल्यावर जमेल तेवढी देणगी द्या.

आणि पाऊसच लागला तर?

मग डोंगर सोडून द्या. सेडबर पुस्तकांचं गाव आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दिवस जातो. भिलारला गेलेल्यांना आवडेल. गावाजवळ ब्रिगफ्लॅट्सला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं १६७५ सालचं सभागृह आहे, पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, आणि बाग. तिथून थोडं दूर, लून नदीच्या पलीकडे फर्बँक फेलवर एक साधा खडक आहे. १६५२ मध्ये जॉर्ज फॉक्स त्यावर उभा राहून मोठ्या जमावाशी बोलला, आणि क्वेकर पंथाची सुरुवात त्या सभेपासून झाली असं मानतात. त्या पंथाची प्रार्थना म्हणजे एकत्र गप्प बसणं. पाऊस थोडा थांबला तर त्या खडकापर्यंत गाडीनं जाता येतं, आणि तिथून समोर, ढग वर सरकले असतील तर, हाउगिलची सगळी रांग दिसते.